लेनर्ड कोहेन ऐकायचाय? ठाण्यातल्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यात आमच्या घरी महिन्यातून एकदा दहा-बारा जण गाणी ऐकायला बसतात. बहुतेक वेळा कोहेन लागतो, कारण घर माझं आणि आवडही माझी. नवीन येणारं माणूस जिना चढता चढताच एखादा प्रश्न विचारतं, आणि निघताना चपला घालेपर्यंत आणखी दोन-तीन. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे मांडून ठेवतोय. मतं माझी आहेत, आणि ती ठाम आहेत.

हा लेनर्ड कोहेन नेमका कोण?

कॅनडाचा कवी, गीतकार आणि गायक. जन्म २१ सप्टेंबर १९३४, मॉन्ट्रियलला लागून असलेल्या वेस्टमाउंटमध्ये, खात्यापित्या ज्यू घरात. वडिलांचा तयार कपड्यांचा धंदा होता. तो नऊ वर्षांचा असताना वडील गेले. तेव्हा त्यांच्या एका बो-टायमध्ये त्याने स्वतः लिहिलेली चिठ्ठी घातली आणि तो बो-टाय घरामागच्या बागेत पुरला. आपलं पहिलं लिखाण ते, असं तो पुढे सांगत असे.

पहिला कवितासंग्रह १९५६ साली आला. पहिला अल्बम मात्र डिसेंबर १९६७ मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. मधल्या काळात एकूण चार कवितासंग्रह आणि दोन कादंबऱ्या छापून झाल्या होत्या. नाव झालं, पण त्यावर घर चालेना, म्हणून तो गाण्याकडे वळला. जूडी कॉलिन्सने १९६६ मध्ये त्याचं 'सुझॅन' गायलं आणि दार उघडलं. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो गेला. हयातीत १४ स्टुडिओ अल्बम. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीला हा आकडा लहान वाटेल. तो घाई करत नसे, एवढंच त्याचं कारण.

सुरुवात कुठून करू?

शेवटाकडून करा. माझं सगळ्यात ठाम मत हेच आहे.

बहुतेक जण पहिल्या अल्बमपासून सुरुवात करतात. तिथला तरुण आवाज पातळ आणि एकसुरी वाटतो, गिटार एकटीच वाजत राहते, आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत माणूस फोन हातात घेतो. असे कितीतरी जण मी पाहिलेत. त्याऐवजी 'लाइव्ह इन लंडन' लावा. १७ जुलै २००८ रोजी लंडनच्या ओटू अरीनात झालेला हा कार्यक्रम २००९ मध्ये अल्बम आणि चित्रफीत अशा दोन्ही रूपांत आला. कार्यक्रमाच्या वेळी तो ७३ वर्षांचा होता. २००८ च्या मे महिन्यात दौऱ्यावर निघण्याआधी पंधरा वर्षं त्याने दौरा केलेला नव्हता. चाळीस वर्षांतली गाणी त्याने स्वतः निवडलीत, वाद्यमेळ मऊ आहे, आणि शब्दन् शब्द कानावर पडतो.

शक्य असेल तर नुसतं ऐकू नका, बघा. अंगात सूट, डोक्यावर फेडोरा हॅट. साथीदाराचा एकल तुकडा आला की हा हॅट काढतो, छातीशी धरतो आणि वाजवणाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. आपल्या मैफलीत गवई साथीदाराला दाद देतो ते आपण पाहत आलोय, पण इथे तुकडा संपेपर्यंत हा माणूस हलत नाही. हाव्हिएर मास नावाचा स्पॅनिश वादक बांदुर्रिया आणि लाऊद ही तंतुवाद्यं आणि बारा तारांची गिटार वाजवतो. 'हू बाय फायर'च्या आधीचा त्याचा तुकडा चुकवू नका. कोहेन कधी कधी त्याच्यासमोर चक्क गुडघ्यांवर बसतो. 'टॉवर ऑफ साँग'मध्ये कोहेन स्वतः कीबोर्डवर जवळजवळ एका बोटाने चार सूर वाजवतो आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवतं. 'इफ इट बी युअर विल'च्या सुरुवातीला तो शब्द फक्त म्हणतो, मग मागे सरतो आणि गाणं साथीला गाणाऱ्या वेब भगिनींच्या हाती सोपवतो. एकीकडे हार्प, दुसरीकडे गिटार आणि त्या दोघींचे आवाज. ते गाणं सुरू असताना आमच्या बैठकीत कुणी चहाचा कप उचलत नाही.

त्यानंतर 'टेन न्यू साँग्ज' (२००१), मग 'आयॅम युअर मॅन' (१९८८), आणि मग एकदम मागे, १९६७ आणि १९७१ च्या अल्बमांकडे. तोवर हा म्हातारा तुमच्या ओळखीचा झालेला असतो, त्यामुळे त्याचं तरुणपण ऐकायची ओढ लागते. तेव्हाचा तो पातळ आवाज मग परका वाटत नाही.

पण त्याला गाता कुठे येतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, विशेषतः नाट्यगीतं आणि भावगीतांवर कान तयार झालेल्या मंडळींकडून. राग येत नाही. गाणं म्हणजे आधी गळा, हा हिशोब आपल्याकडे पक्का आहे, आणि भीमसेनजी ऐकत वाढलेल्या माणसाने तो का सोडावा?

कोहेनकडे ताना नाहीत, पल्ला नाही. जे आहे ते खर्जात. १९६७ मध्ये त्याचा आवाज मध्यम पट्टीतला होता. ऐंशीच्या दशकात तो झपाट्याने उतरला, आणि १९८८ च्या अल्बममध्ये एकदम तळाशी जाऊन बसला. सिगारेटींचा त्यात मोठा वाटा, हे तो स्वतःच सांगायचा. कॅनडाचा ज्यूनो हा संगीत पुरस्कार १९९३ साली त्याला 'सर्वोत्तम पुरुष गायक' म्हणून मिळाला, तेव्हा सगळ्यात जास्त मौज त्यालाच वाटली.

आता त्याने या आवाजाचं काय केलं ते ऐका. चाल वर नेण्याचं काम तो बायकांच्या आवाजांवर सोपवतो. जेनिफर वॉर्न्स, पर्ला बतालिया, शॅरन रॉबिन्सन, वेब भगिनी... प्रत्येक काळात कुणी ना कुणी होतंच. हा खाली ओळ सांगतो, त्या वर तिला उचलून धरतात. हेडफोन लावून 'अ थाउजंड किसेस डीप' ऐका. ओळीच्या शेवटचं व्यंजन तो कसं अलगद ठेवतो, श्वास कुठे घेतो, कुठल्या शब्दाआधी अर्धा क्षण थांबतो, सगळं कळेल. शब्द नेमका कुठे पडायला हवा याचा एवढा विचार केलेला गायक मला दुसरा माहीत नाही.

फार उदास आहे हो. ऐकून बरं वाटतं का खरंच?

मला वाटतं. तो दुःखाला घाईघाईने समजावत नाही, त्याच्याशेजारी बसून राहतो. स्वतः वर्षानुवर्षं नैराश्याशी झगडत होता, त्यामुळे त्याच्या गाण्यांत उसनं काही नाही. 'हू बाय फायर' (१९७४) घ्या. योम किप्पूर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या एका प्राचीन प्रार्थनेवर ते बेतलेलं आहे. येत्या वर्षात कुणाला कसं मरण येईल याची यादी त्या प्रार्थनेत आहे. कोहेनने ती यादी आपल्या काळात आणली आणि शेवटी एक साधा प्रश्न ठेवला. ऐकताना भीती वाटते, आणि एवढं स्पष्ट कुणीतरी बोललं याचं बरंही वाटतं.

शिवाय तो विनोदी आहे, हे बरेच जण सांगतच नाहीत. 'टॉवर ऑफ साँग' किंवा 'एव्हरीबडी नोज' नीट ऐकलं तर हसू येतंच.

तरीही मन खरंच खचलेलं असेल त्या रात्री १९७१ चा 'साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट' लावू नका. तो अल्बम थोर आहे, पण सोबतीला कुणी असताना ऐकण्याचा आहे.

माझं इंग्रजी बेताचंच आहे. चालेल का?

चालेल. तो अवघड शब्द फारसे वापरत नाही, आणि हळू म्हणतो. पहिल्यांदा शब्दांशिवाय ऐका, दुसऱ्यांदा समोर छापील शब्द ठेवून. त्यात बायबलमधले संदर्भ बरेच येतात. दावीद राजा, बथशेबा, शमशोन, अब्राहाम आणि इसहाक यांच्या कथा थोडक्यात वाचून घ्या, पुष्कळ गाठी सुटतील. आपल्याला हे अवघड जाऊ नये. गीतरामायण ऐकताना आपल्याला कथा आधीपासून ठाऊक असते, म्हणूनच गदिमांनी काय वेगळं केलं ते दिसतं. इथेही तसंच आहे.

'हालेलुया' इतकं गाजलं कसं?

फार हळूहळू. 'व्हेरियस पोझिशन्स' हा अल्बम १९८४ मध्ये तयार झाला, आणि कोलंबिया या त्याच्याच कंपनीने तो अमेरिकेत काढायला नकार दिला. अल्बम युरोप आणि कॅनडात आला, अमेरिकेत एका छोट्या कंपनीमार्फत. गाण्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. हे गाणं लिहायला त्याला वर्षानुवर्षं लागली होती. ऐंशीच्या आसपास कडवी लिहिली होती असं सांगतात. न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या खोलीत, हे गाणं पुरं होत नाही म्हणून जमिनीवर डोकं आपटत बसल्याची आठवण त्याने स्वतःच सांगितली आहे.

मग १९९१ मध्ये जॉन केल या वेल्श संगीतकाराने कोहेनकडे शब्द मागितले. फॅक्सवर पानंच्या पानं आली. केलने त्यातली आपल्या पसंतीची कडवी निवडली आणि पियानोवर गायली. त्याचं गाणं ऐकून जेफ बकलीने १९९४ मध्ये आपलं केलं. २००१ मध्ये 'श्रेक' या कार्टूनपटातून ते मुलांपर्यंत पोहोचलं. २००८ च्या नाताळात ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर हेच गाणं होतं, दोन वेगवेगळ्या आवाजांत. चोवीस वर्षं लागली.

बकलीचं सुंदर आहे, वाद नाही. पण मला लंडनचं हवं. वयाच्या विशीत हे गाणं प्रेमाचं वाटतं. त्र्याहत्तराव्या वर्षी तो ते गातो तेव्हा हिशोब मांडून झालेला असतो, आणि तरीही तो स्तुती करतो.

बहिणीच्या लग्नाच्या संगीतात 'डान्स मी टु दि एन्ड ऑफ लव्ह' लावलं तर?

खुशाल लावा, पण गाण्यामागची गोष्ट ठाऊक असू द्या. नाझी छळछावण्यांत कैद्यांपैकीच काही वादकांना बसवून, इतर कैदी मारले जात असताना, वाजवायला लावलं जाई. हे गाणं त्या प्रतिमेतून सुरू झालं. कोहेनने हे मुलाखतीत सांगितलं, आणि ऐकणाऱ्याला ते माहीत असायलाच हवं असं नाही, हेही सांगितलं. जी भाषा प्रेमात शरण जाताना वापरतात तीच त्याला इथे हवी होती. जगभर लोक लग्नात यावर नाचतात. नाचू द्यावं.

तो मुंबईत येऊन राहिला होता म्हणे?

हो, आणि ही गोष्ट सांगताना मला अजूनही भरून येतं.

१९९४ ते १९९९ तो लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात होता. गुरू जोशू सासाकी रोशी. १९९६ मध्ये त्याने दीक्षा घेतली, नाव मिळालं जिकान. पहाटे उठणं, बर्फ उपसणं, म्हाताऱ्या गुरूंसाठी स्वयंपाक करणं, आणि तासन् तास ध्यान. तरीही नैराश्य हटेना. १९९९ मध्ये तो डोंगर उतरला आणि थेट मुंबईला आला, रमेश बाळसेकरांना भेटायला. त्यांचं पुस्तक त्याने मठात वाचलं होतं.

बाळसेकर बँक ऑफ इंडियाचे निवृत्त वरिष्ठ अधिकारी, आणि निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. निसर्गदत्त म्हणजे खेतवाडीतले, विडीचं दुकान चालवणारे महाराज. आपल्या पोटमाळ्यावर ते मराठीत निरूपण करत आणि जगभरातून माणसं ऐकायला येत. परदेशी मंडळींसाठी बाळसेकर त्याचं इंग्रजी करून सांगत. महाराज १९८१ मध्ये गेले. पुढे बाळसेकर वॉर्डन रोडच्या भागातल्या आपल्या घरी सकाळी लोकांशी बोलू लागले. कोहेन केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात उतरला आणि रोज सकाळी त्यांच्याकडे जाऊन बसू लागला. काही महिने राहिला, पुढेही आला. याच सुमारास वर्षानुवर्षांचं नैराश्य हळूहळू ओसरलं. नेमकं कशामुळे हे आपल्यालाही ठाऊक नाही, असं तो म्हणे.

खेतवाडीच्या पोटमाळ्यावरचं मराठी बोलणं, बाळसेकरांच्या तोंडून इंग्रजीत, मॉन्ट्रियलच्या या कवीपर्यंत पोहोचलं. 'टेन न्यू साँग्ज' त्यानंतरचा आहे. त्यातली शांतता ऐका आणि तुम्हीच ठरवा.

ती जागा बघायला जाता येईल का?

त्या भागात फिरता येईल. ठाण्याहून जलद लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, पुढे केम्प्स कॉर्नरपर्यंत चालत. पण तिथली घरं राहती आहेत, कुणाच्या दाराशी जाऊन उभं राहू नये.

आणि ठाण्याशी काही संबंध?

थेट नाही, आणि ओढूनताणून लावायचाही नाही. पण टेंभी नाक्याला सिव्हिल हॉस्पिटलच्या जवळ १८७९ मध्ये बांधलेलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. त्याचं नाव शार हशामायिम. मॉन्ट्रियलमध्ये कोहेनच्या घराण्याचं सिनेगॉग आहे त्याचं नावही हेच. त्याचे आजोबा लायन कोहेन तिथले अध्यक्ष होते. कोहेनच्या शेवटच्या अल्बमच्या शीर्षकगीतात जो पुरुषांचा समूहस्वर ऐकू येतो तो याच मॉन्ट्रियलच्या सिनेगॉगचा, आणि शेवटाकडे एकटा आवाज चढतो तो तिथल्या प्रार्थनागायकाचा, गिडिअन झेलरमायर यांचा.

आमच्या ओळखीच्या एक बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, काकू एकदा बैठकीला आल्या होत्या. ठाण्यात बेने इस्राएल कुटुंबं किती जुनी आहेत हे ठाणेकरांना सांगायला नको. आडनावं कोकणातल्या गावांची, बोली आपलीच, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. काकूंनी कोहेनचं नावही ऐकलेलं नव्हतं. 'यू वाँट इट डार्कर' लागलं, तो 'हिनेनी' (हिब्रूत 'हा मी इथे आहे') म्हणाला, आणि काकू ताठ बसल्या. म्हणाल्या, "हे तर अब्राहामाचं! देवाने हाक मारली तेव्हाचं." मग त्यांनी इसहाकाच्या बलिदानाची सगळी कथा सांगितली. लहानपणी मराठी कीर्तनात हे आख्यान ऐकलं होतं म्हणाल्या, बुवांच्या हातात झांजा, मागे पेटी. त्या रात्री आम्ही 'स्टोरी ऑफ आयझॅक' (१९६९) लावलं. तीच कथा तो मुलाच्या तोंडून सांगतो, नऊ वर्षांच्या मुलाच्या. वडील गेले तेव्हा कोहेन नऊ वर्षांचा होता हे वर सांगितलंच आहे. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "पुन्हा लाव रे."

बॉब डिलन मोठा की कोहेन?

ही स्पर्धा मला खेळायची नाही, त्या दोघांनीही खेळली नाही. पॅरिसच्या एका कॅफेत डिलनने त्याला विचारलं होतं, 'हालेलुया'ला किती वेळ लागला? कोहेनने दोन वर्षं सांगितली. खरी वर्षं त्याहून जास्त होती. मग त्याने डिलनच्या एका गाण्याचं विचारलं, तर उत्तर आलं, पंधरा मिनिटं. कामाच्या दोन रीती आहेत या. २०१६ मध्ये डिलनला नोबेल मिळालं तेव्हा कोहेन मोकळ्या मनाने म्हणाला की हे एव्हरेस्टला सर्वांत उंच शिखर म्हणून पदक लावण्यासारखं आहे. मला घासून घासून लिहिणारा जवळचा वाटतो, इतकंच.

मराठीत असा कुणी आहे का, स्वतःच लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा?

भावगीतात आपली रीत वेगळी. कवी एक, संगीतकार दुसरा, गायक तिसरा. गदिमा आणि बाबूजींनी १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर ५६ गीतांचं रामायण उभं केलं, ते दोन माणसांचं अद्वैत होतं. त्या वाटेवर कोहेन शोधू नका.

शोधायचं तर शाहिरांकडे आणि कीर्तनकारांकडे पाहावं. वामनदादा कर्डक स्वतः लिहीत, स्वतः गात, गावोगाव फिरत. त्यांच्या शब्दांना चाल सोडून वेगळं काढताच येत नाही. आजच्या काळात संदीप खरे स्वतःच्या कविता स्वतः गातो, आणि ठाण्यातली नाट्यगृहं त्याच्यासाठी भरतात. कोहेन यांच्यापैकी कुणासारखा नाही. पण लिहिणाऱ्याच्याच तोंडून गाणं ऐकण्यात जी खातरी वाटते, ती आपल्याला मुळीच नवी नाही.

त्याची गाणी गिटारवर किंवा पेटीवर जमतील का?

बरीचशी जमतील. 'हालेलुया' पेटीवर सहज निघतं. सहा मात्रांचं आहे, दादऱ्याच्या अंगाने घ्या. 'अॅव्हलांच' किंवा 'द स्ट्रेंजर साँग' मात्र उजव्या हाताच्या बोटांची परीक्षा घेतात.

त्याच्या गिटारची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. २०११ मध्ये स्पेनच्या ओव्हिएदो शहरात प्रिन्स ऑफ अस्तुरियास पुरस्कार घेताना त्याने ती सांगितली. मॉन्ट्रियलमध्ये घराजवळच्या बागेत एक स्पॅनिश तरुण गिटार वाजवत होता. कोहेनने त्याला शिकवण्याची विनंती केली. तीन दिवस तो घरी आला. पहिल्या दिवशी कोहेनच्या बोटांतून काही निघेना, तेव्हा त्या मुलाने स्वतःच्या हाताने त्याची बोटं तारांवर बसवली. तीन दिवसांत सहा कॉर्ड्स शिकवल्या. चौथ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या खोलीवर फोन केला तेव्हा कळलं, त्याने आत्महत्या केली. त्याचं गाव कुठलं, तो मॉन्ट्रियलला का आला, त्याने असं का केलं, कोहेनला कधीच कळलं नाही. आपली सगळी गाणी त्या सहा कॉर्ड्सवर उभी आहेत, असं त्याने त्या दिवशी स्पेनच्या लोकांना सांगितलं. गिटारच्या वर्गाला जाणाऱ्या मुलांना मी हे भाषण आधी ऐकवतो.

म्हातारपणी पुन्हा दौरे का काढले? पैशांसाठी ना?

सुरुवात पैशांमुळेच झाली. तो मठात असताना त्याच्या व्यवस्थापिकेने पन्नास लाख डॉलरहून जास्त रक्कम लंपास केली होती. २००४ च्या अखेरीस ते उघडकीस आलं. न्यायालयाचा निकाल २००६ मध्ये त्याच्या बाजूने लागला, पैसे मात्र हाती आले नाहीत. सत्तरी उलटलेला माणूस, आणि निवृत्तीची पुंजी गेलेली.

पण पैसे कमवायला निघालेला माणूस तासाभरात चार गाजलेली गाणी उरकून मोकळा झाला असता. याने निघण्याआधी काही महिने तालमी केल्या आणि रोज तीन-तीन तास गायला. सप्टेंबर २००९ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला मंचावरच कोसळला. तीन दिवसांनी, पंचाहत्तराव्या वाढदिवशी, बार्सिलोनात पुन्हा उभा. नुकसान केव्हाच भरून निघालं होतं तरी थांबला नाही. शेवटचा कार्यक्रम २१ डिसेंबर २०१३ रोजी न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये झाला. आपण ते सगळं बघू-ऐकू शकतो हे आपलं भाग्य.

माणूस म्हणून कसा होता?

सोपा नव्हता. ग्रीसच्या हायड्रा बेटावर त्याने १९६० मध्ये दीड हजार डॉलरला घर घेतलं आणि मारियान इलेन या नॉर्वेजियन तरुणीसोबत राहिला. 'सो लाँग, मारियान' तिच्यावर आहे. तिला सोडून तो गेला, पुढे अनेक नाती झाली आणि तुटली. बायकांना त्याने दुखावलं, गाण्यांत ते लपवलंही नाही. जुलै २०१६ मध्ये मारियान मृत्युशय्येवर आहे हे कळताच त्याने तिला पत्र लिहिलं, आणि ते तिला वाचून दाखवता आलं. सव्वातीन महिन्यांनी तोही गेला. त्याच्या वागण्याची वकिली मी करत नाही. गाणी मला खरी वाटतात.

कुठला अल्बम टाळू?

१९७७ चा, फिल स्पेक्टर या निर्मात्याने केलेला. आवाज वाद्यांखाली गाडला गेलाय.

शेवटचा अल्बम कधी ऐकावा?

अगदी शेवटी, आणि सलग. 'यू वाँट इट डार्कर' २१ ऑक्टोबर २०१६ रोजी आला, तो गेला त्याच्या सतरा दिवस आधी. पाठीचे मणके मोडलेले, घराबाहेर पडणं अशक्य. मुलगा ॲडमने घरातच माइक मांडला, आणि हा वैद्यकीय खुर्चीत बसून गायला. शीर्षकगीताला २०१८ मध्ये ग्रॅमी मिळालं, 'रॉक' विभागात. ८२ वर्षांच्या, खुर्चीतून न उठणाऱ्या माणसाला! मला याचा मनापासून आनंद झाला. उरलेल्या तुकड्यांवर ॲडमने केलेला अल्बम २०१९ मध्ये आला, तोही चांगला आहे.

सीडी किंवा रेकॉर्ड कुठे मिळतील?

काळा घोड्याचं रिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, त्यानंतर हक्काचं ठिकाण राहिलं नाही. ऑनलाइन मागवा. गाण्यांच्या बहुतेक ॲपवर सगळे स्टुडिओ अल्बम आहेत, फक्त क्रम बदलणारं 'शफल' बंद करा.

त्याच्यावर वाचायला काय घेऊ?

सिल्व्ही सिमन्स यांनी लिहिलेलं चरित्र, २०१२ चं. मुंबईतल्या दिवसांबद्दलही त्यात आहे. आधी चरित्र वाचून मग गाणी ऐकू नका, उलट करा.

बैठकीला यायचं तर काय तयारी लागते?

काही नाही. शनिवारी संध्याकाळी सातला सुरू होतं, उशीर झाला तर गाणं संपेपर्यंत दाराबाहेर थांबावं, बेल वाजवू नये. फोन बंद. गाणं चालू असताना अर्थ सांगायचा नाही, मधल्या वेळात कितीही बोला. लहान मुलं चालतील, ती बऱ्याचदा मोठ्यांपेक्षा शांत बसतात. प्रत्येकाने एक गाणं सुचवायचं असतं, कोहेनचंच हवं असं नाही. मागच्या खेपेला कुणीतरी वामनदादा आणले होते आणि पुढचा तास तेच चालले. येत्या बैठकीला 'टेन न्यू साँग्ज' सलग ऐकणार आहोत, आणि चहा मध्यंतरात.